ब्रासरीत जायचं की नको

पॅरिसची नोकरी मिळाली ती नव्वदच्या दशकात. निघालो त्या दिवशी नाशिकच्या स्टँडवर मुंबईची बस लागली होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, माझी बॅग आत सरकवत होते. आई खिडकीखाली येऊन म्हणाली, "तिकडं काय काय मिळतं ते बघून ठेव. आम्ही आल्यावर उपाशी नको मारू."

मी ते मनावर घेतलं. ऑफिसच्या वाटेवर एक नावाजलेली ब्रासरी होती, म्हणजे दिवसभर चालणारं जुनं, मोठं रेस्टॉरंट. भिंतभर आरसे, पितळी दांडे, बाहेर कायम रांग. ऑफिसातले फ्रेंच लोक म्हणायचे, ती टूरिस्टांची जागा, जेवण साधारणच. तरी मी फोनवर आईला तिचंच वर्णन करायचो. आईनं ते गल्लीभर सांगितलं होतं. "काटा-चमचा नाही जमला तर हसतील का रे?" असं विचारायची. ती घरी पोहे काट्यानं खाऊन बघायची, हे मला अण्णांनी फार नंतर सांगितलं.

दोघांचा व्हिसा आला आणि आई गेली. झोपेतच. मी पोचलो तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते.

पुढच्या वर्षी अण्णा एकटे आले. आयफेल टॉवर दाखवतो म्हटलं तर म्हणाले, "आधी त्या हॉटेलात ने." रांगेत बराच वेळ उभे राहिलो. त्यात बीफ नाही ना, एवढं वेटरला विचारून कांद्याचं सूप मागवलं. अण्णा चांदवडचे, कांद्यातच वाढलेले. चीजचा थर बाजूला सारून त्यांनी दोन चमचे घेतले.

"तिला इथं फार गोंगाट वाटला असता," ते म्हणाले.

"हो."

"पण आली असती रे."

मग त्यांनी नॅपकिन डोळ्यांना लावला तो खाली घेतलाच नाही. आईच्या दिवसांतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वेटर प्लेट उचलायला आला होता, तो तसाच मागे फिरला.

माधुरी, हे सगळं तुला लिहितोय, कारण परवा तुझा फोन आला. "दादा, आईला घेऊन आम्ही पॅरिसला येतोय. ती ब्रासरी जाण्यासारखी आहे का नुसतंच नाव?" मी "बघू" म्हणून विषय बदलला. आता सांगतो. जेवण बेताचं आहे, रांग लांब आहे. तरी जा. मामीला घेऊन जा. मी बाहेर थांबेन.

अण्णाही गेले, नाशिकचं घर विकलं. गेल्या खेपेला नाशिक रोडला उतरलो आणि रिक्षावाल्याला सवयीनं जुनाच पत्ता सांगून बसलो. पोचलो तर गॅलरीत दुसऱ्यांचे कपडे वाळत होते.

"उतरा ना साहेब."

"पुढं घ्या," मी म्हणालो.

"पुढं कुठं?"