फाइल संपली, हे कधी म्हणायचं

वडील गेल्यानंतर मी कामावर परतलो, तेव्हा माझ्या टेबलावर एका प्रोग्रॅमचे छापील कागद येऊन पडले होते. आमच्या ऑफिसात तशी पद्धत होती. एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचायचा, पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि शेवटी सही करायची. सहीशिवाय तो वापरात जात नसे. हे वाचायचं काम बहुधा माझ्याकडे येई. मी फारसं बोलत नाही आणि कागद संपल्याशिवाय उठत नाही, एवढंच त्याचं कारण.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. हुपरीच्या काही चांदी कारखानदारांसाठी आम्ही नक्षीकामाची साठवण तयार करत होतो. पैंजणाची नक्षी त्यांनी स्कॅन करून टेलिफोनच्या तारेवरून कोल्हापूरला पाठवायची. नक्षीत बदल केला की नवी प्रत यायची, पण जुन्या प्रतीला धक्का लागायचा नाही. कधीही मागितली तरी ती निघाली पाहिजे. एकेक फाइल एवढी अवजड, की कॉम्प्युटरच्या मेमरीत अख्खी मावत नसे. म्हणून ती तुकड्या-तुकड्यानं घ्यायची, आलेला तुकडा लगेच साठवणीत लिहायचा आणि पुढच्याची वाट बघायची. सगळी आली, की ‘पोचली’ असा निरोप जायचा आणि हुपरीकडची फाइल आपोआप पुसली जायची. त्यांच्याकडे जागाच नव्हती.

प्रोग्रॅम लिहिला होता माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी. त्या कळंब्याहून मोपेडवरून येत. त्यांचं काम चोख असे, त्यामुळे नुसती नजर फिरवून सही केली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. मला तेच करायचं होतं. भेटायला येणाऱ्यांसमोर बसून बसून मी थकलो होतो. एकच ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नव्हती.

मग ती ओळ आली. ठरावीक वेळ पुढचा तुकडा आला नाही, तर फाइल संपली असं धरायचं आणि ‘पोचली’ म्हणून कळवायचं. मी पेन्सिल तिथंच टेकवली आणि बराच वेळ उचलली नाही.

आमच्या घरी असंच झालं होतं. वडिलांचं हृदय दमलेलं होतं. झोपेत त्यांचा श्वास मोठा मोठा होत जायचा, मग लहान, मग थांबायचा. एका सकाळी तो नेहमीपेक्षा जास्त थांबला. माझी आत्या, त्यांची धाकटी बहीण, हुपरीहून सोबतीला येऊन राहिली होती. तिनं नाकापुढं हात धरला, तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि “गेला माझा दादा” म्हणून हंबरडा फोडला. शेजारच्या काकांनी तेवढ्यात हुपरीला फोनही लावला. मी दाराशी उभा होतो. पलंगावरून मोठा श्वास आल्याचा आवाज झाला. वडिलांनी डोळे उघडले, जिभेनं पान बाहेर ढकललं आणि विचारलं, “हे काय घातलंस तोंडात?”

आत्या रडायची थांबेना. आता ती कशासाठी रडत होती, ते तिलाच ठाऊक.

दुपारी आत्याचे यजमान दुकान बंद करून जीपभर माणसं घेऊन आले. बायकांनी उंबऱ्यातच गळा काढला. वडील उशीला टेकून पेज पीत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि “कोण गेलं?” म्हणून विचारलं. बायका पदर सावरत मागं सरल्या. शेवटी आत्या म्हणाली, “आलायसा न्हवं पावणं? बसा आता. च्या टाकते.”

पुढच्या आठवड्यात श्वास पुन्हा थांबला, तेव्हा खोलीत आम्ही सगळे होतो आणि कुणी तोंड उघडलं नाही. तुळशीचं पान आत्याच्या मुठीत होतं. आम्ही पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिलो. डॉक्टरांनी येऊन सांगेपर्यंत पाहत राहिलो.

मी कागद घेऊन शेजारच्या टेबलाकडे गेलो. बाईंनी पेन्सिलीची खूण पाहिली.

“सर, लाईन तुटली तर प्रोग्रॅम जन्मभर तसाच बसून राहील की. किती वेळ वाट बघायची मग?”

“वाट बघणं सोडा. पण संपली म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“अपुरी म्हणा. आलेले तुकडे बाजूला ठेवा. निरोप पाठवू नका, म्हणजे त्यांची फाइल त्यांच्याकडं राहील.”

“आणि पुरी झाली हे कसं कळणार?”

“निघतानाच फाइलनं आपली लांबी सांगायची. तेवढी भरली की पुरी.”

फाइलचं ते एक बरं असतं, असं तेव्हा मनात आलं.

मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांनी हुपरीला सोमवारचा शब्द दिला होता. “सही राहिलीय व्हय अजून? घरी एवढं झालंय, तुम्ही कशाला डोकं शिणवताय? करून टाका की.”

“एखाद्याची नक्षी अर्धीच येईल,” मी म्हणालो, “आणि उरलेली आपणच पुसून टाकलेली असेल.”

ते परत आत गेले. बाई माझ्यावर चिडल्या असाव्यात, पण बदल त्यांनी त्याच दिवशी सुरू केला. चाचणीला मात्र सोमवार उलटून गेला. हुपरीहून खरी फाइल सोडायला सांगितली आणि आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. तुकड्यांचा आकडा चढत गेला आणि मध्येच अडकला.

“गेली वाटतं,” मालक म्हणाले.

“थांबा ओ जरा,” बाई म्हणाल्या.

आकडा हलेना. पंखा फिरत होता. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि आकडा हलला. एक तुकडा आला, मग दुसरा, मग भराभर येत गेले. लांबी भरली, निरोप गेला.

बाई माझ्याकडे वळल्या. “सर, श्वास घ्या की.”

मी घेतला. मग खिशातून पेन काढून सही केली.