खडूच्या रेघेपलीकडे

कुठल्याही बंद कारखान्यात शिरलं की सलीमभाई आधी खिशातून खडू काढायचे. फरशीवर लांब रेघ मारायचे आणि आम्हा चौघांना बजावायचे, "अलीकडं जिंदगी, पलीकडं जहर. माझ्याबिगर कुणी वलांडायची नाय." विषारी रसायनांनी माखलेल्या भिंती, फरश्या, टाक्या धुऊन देणं हा आमचा धंदा. छावणी भागात राहणारा हा सुकडा माणूस आमचा मुकादम. मी गंगापूरचा, रसायनशास्त्राची पदवी मिरवणारा. मनात म्हणायचो, म्हातारा भलताच भित्रा!

वाळूजला प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचा, एक कारखाना धुवायला घेतला होता. फरशीच्या फटींत सायनाइड पांढरं होऊन बसलेलं. एक कोपरा तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी दसरा, नव्या मालकाला तिथं मशिनींची पूजा मांडायची होती. "आजच उरका," म्हणून तो मागंच लागला. सलीमभाई म्हणाले, "पूजा बाहेर मांडा, साहेब. कोपऱ्याला अजून दोन दिवस लागतील."

ते जेवायला बाहेर गेले आणि मला हुशारी सुचली. संडास धुवायचं ॲसिड आणलं, रेघेपलीकडे ओतलं. फरशी लख्ख निघेल, एवढंच डोक्यात! सायनाइडवर ॲसिड पडलं की जीवघेणा वायू निघतो, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

फरशी फसफसली. जवळच मास्क काढून टेकलेला आमच्यातला कचरू "गरगरतंय" म्हणत आडवा झाला. जेवून परतलेले सलीमभाई दारातून ओरडले, "बाहेर हो! भाग!" मी पळालो. हो, कचरूला टाकून पळालो. ते हवेचं सिलिंडर पाठीवर टाकून आत गेले. भर उन्हात मी दाराकडे बघत होतो, आणि आतून कुणीच येईना. गेले दोघंही, माझ्या हातानं गेले! मग कचरूला ओढत ते बाहेर आले. कचरू दवाखान्यात आठवडाभर होता, पण वाचला.

मला वाटलं, आता हाकलतील. ते एवढंच म्हणाले, "त्याच्या बायकोला तूच सांग. मी नाय सांगणार." सांगितलं. पुढं प्रत्येक नव्या टोळीसमोर ते मला उभं करायचे, "बोल, काय केलंस." माझी मान वर होत नसे.

मागच्या वर्षी ते वारले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तर चाची, त्यांची बायको, म्हणाल्या, "तुमचंच नाव काढायचे. म्हणायचे, अब वो अच्छा डरता है, अब फिकर नाय."

मी तिथंच ओट्यावर बसून रडलो.