भिंतीचा फोटो

फोटोअप्पांना नमस्कार करायला वाकलं, की आशीर्वाद मिळायच्या आधी हनुवटी पकडली जायची. दोन बोटांनी ती जरा वर, जरा डावीकडे करून ते डोळे बारीक करत आणि मग म्हणत, "हां, आतां बरं. दीर्घायुषी हो." समोरचा ओळखीचा असो वा नसो, त्यांना काही फरक पडत नसे. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा तंजावरला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याचीही हनुवटी धरली. नवरा अस्सल पुण्याचा. दहावीनंतर त्याच्या हनुवटीला त्याच्या आईनेही हात लावला नसेल. तो इतका दचकला, की हातातली कॉफी शर्टावर सांडली. अप्पा शांतपणे मला म्हणाले, "वैजू, ह्याची मान आंखडलेली आहे. फोटोला त्रास देणारा माणूस." आमच्या लग्नाचा अल्बम पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बाबा नोकरीसाठी तंजावर सोडून पुण्याला आले आणि पुणेरी झाले. अप्पा तिथेच, राजवाड्यामागच्या गल्लीत राहिले आणि चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. मोबाइल आले आणि गिऱ्हाईक आटलं. स्टुडिओ बंद झाला. पण घराच्या पुढच्या खोलीत निळा पडदा, दोन दिवे आणि एक लाकडी स्टूल तसंच ठेवलेलं होतं. त्यांचं मराठी ऐकताना आपण पणजोबांशी बोलतोय असं वाटायचं आणि मधेच एखादा तमिळ शब्द ठेच लागल्यासारखा यायचा. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नसे. "मराठी माझ्या तोंडांत आहे, डोळ्यांत नाहीं," असं ते म्हणत आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

मागच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आमची सई सात वर्षांची होती आणि तिला कॅमेरा हवा होता. मी हौशी आई. दोन आठवडे खपून, लोकांचे अभिप्राय वाचून मी एक कॅमेरा निवडला होता. गुलाबी, पाण्यात पडला तरी न बिघडणारा, आत चार खेळ, आणि वर सशाचे कान. मोठ्या कौतुकाने मी त्याचं चित्र अप्पांना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ह्याला कान कशाला?"

"मुलांना आवडतात, अप्पा."

"कानाने फोटो काढतात काय? खेळणं पाह्यजे तर खेळणं घे, कॅमेरा पाह्यजे तर कॅमेरा घे. दोघांचं लग्न लावूं नको."

माझा चेहरा पडला. नवऱ्याने तेवढ्यात संधी साधून, घरात जुना फोन पडलाय तोच देऊ, असं सुचवलं. अप्पांनी त्यालाही सोडलं नाही. "फोन लांब धरून फोटो काढायचा, गरम भांडं धरतात तसा. फोटोला डोळा लावावा लागतो हो."

मग कॅमेरा निवडायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. पहिले दोन दिवस सईला कॅमेरा दाखवलासुद्धा नाही. तिच्या हातात काठोकाठ पाण्याचा पेला दिला आणि अंगणातून न सांडता फिरायला सांगितलं. पाणी सांडायचं थांबलं, तेव्हा मुठीची पोकळी करून तिच्यातून बघायला शिकवलं. सुट्टीवर आलेलं माझं लेकरू दोन दिवस मुठीतून शेजारची बकरी बघत होतं आणि मला हसावं की रडावं कळेना. तिसऱ्या दिवशी अप्पांनी कपाटातून तीन कॅमेरे काढून स्टुलावर मांडले. पहिला गळ्यात घातल्यावर सईची मानच खाली गेली. दुसऱ्याला इतकी बटणं होती, की अप्पाच म्हणाले, "हें विमान आहे, ठेव तें." तिसरा छोटा, रुपेरी, जुना डिजिटल. अप्पा त्याच्यावर पासपोर्टचे फोटो काढत. त्याला वर डोळा लावायची इवलीशी खिडकी होती. सईने खिडकीला डोळा लावला आणि तिचं तोंड आपोआप उघडं पडलं. अप्पांनी बाकीचे दोन उचलून कपाटात ठेवले.

कॅमेरा देताना त्यांनी एकच गोष्ट केली. फोटो पुसायच्या बटणावर, जखमेवर लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली. "पाप्पा," ते सईला बाळ म्हणावं तसं म्हणाले, "खराब फोटो असा नसतोच. काढलास तो ठेवायचा. लाज वाटली तरी ठेवायचा." मी म्हटलं, अहो, कार्ड भरेल की! ते म्हणाले, "भरूं दे. भरल्यावर कागदावर काढायचे, अप्परं, मग पुढचे." सईने मोठ्या देवळात जाऊन चपला सांभाळणाऱ्या बाईची जांभई काढली, एका खांबाचं बूड काढलं, आणि आकाश म्हणून सात फोटो काढले. अप्पांनी एकेक फोटो पाच-पाच मिनिटं बघितला.

आता ज्या गोष्टीने मी हादरले, तिच्याकडे येते. तंजावरला माणूस गेला, की दुपारपर्यंत गल्लीतल्या भिंतींवर त्याच्या फोटोची पोस्टरं लागतात. वर मोठ्या अक्षरांत कण्णीर अंजली, म्हणजे अश्रूंची अंजली, आणि खाली माणसाचा चेहरा, दारापेक्षा थोडासाच लहान. आपल्याकडे चौकात श्रद्धांजलीचे फलक लागतात, तसंच. आपण नजर वळवतो, अप्पा थांबत. अनोळखी मयताच्या पोस्टरसमोर हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "बिचारा. आधार कार्डाचा फोटो मोठा केला. चोरी करून पकडल्यासारखा दिसतो." सईला बरोबर घेऊन ते हे करत, आणि मी तिला हाताला धरून पुढे ओढायची.

पण त्यांच्या धंद्याचा मोठा भाग अशा पोस्टरांचे फोटो हाच होता, हे मला काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने, सांगितलं. सत्तरी आली की लोक अप्पांकडे येत. नवी कोरी वेष्टी म्हणजे धोतर, रेशमी पट्टूसाडी, कपाळाला ठसठशीत गंध, आणि स्टुलावर बसून हसत म्हणत, आमचा भिंतीचा फोटो काढा. नवरा-बायको एकमेकांची चेष्टा करत, काकू सगळ्यांना कॉफी देत. मग तो फोटो पाकिटात घालून घरच्या कपाटात जायचा आणि वेळ आली की बाहेर निघायचा. अप्पा म्हणत, "जिवंतपणीं हसत काढलेला असला, तरच मेल्यावर माणूस भिंतीवर जिवंत दिसतो." सगळ्या गल्लीचे भिंतीचे फोटो त्यांनी काढले. त्यांचा स्वतःचा मात्र कोणालाही काढू दिला नाही. काकू मागे लागल्या, भाचे मागे लागले, कोणाचं काही चाललं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही जेवत होतो. सई सांबारभाताचा घास घेत, अगदी शाळेतली गंमत सांगावी तसं म्हणाली, "आई, आज मी अप्पाआजोबांचा भिंतीचा फोटो काढला. ते मेल्यावर लावायचाय. मस्त आलाय."

मी हातातला घास पानात ठेवला. काकूंच्या हातातला तुपाचा चमचा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी हात पुसले, कॅमेरा घेतला, बघितलं आणि म्हणाल्या, "कानावर ऊन आहे. चांगला आहे." मी उठले, आणि अप्पांना पुढच्या खोलीत बोलावलं. वडीलधाऱ्या माणसाला मी असं कधी बोलावलं नव्हतं.

"अप्पा, सात वर्षांची आहे ती! तिला असलं सांगतात? तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं की. इतकी वर्षं वाटतंय. म्हणूनच कोणाला काढूं दिला नाहीं." ते स्टुलावर बसले. "वैजू, आतां जो येतो तो माझ्यांत म्हातारा बघतो. त्याच्या तोंडावरून मला कळतं, मी किती दिवसांचा आहे म्हणून. ही पोर डोळा लावून काय म्हणाली माहीत आहे? 'अप्पाआजोबा, हलूं नका, तुमच्या कानांतनं ऊन येतंय.' मला हसूं आलं. तिनें बटण दाबलं."

मी ऐकून घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "तुमच्या धंद्यात मरण रोजचं असेल. माझ्या मुलीच्या सुट्टीत ते नको." बोलून झाल्यावर मलाच कसंसं झालं, पण शब्द मागे घेतले नाहीत. अप्पा नेहमीसारखे डोळे बारीक करून म्हणाले, "रागावलीस की तुझी हनुवटी आपसूक बरोबर येते." आणि उठताना म्हणाले, "पुण्याला गेल्यावर तेवढा कागदावर काढून पाठव. घाई नाहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. सई खिडकीशी बसून लगेच पेंगली. पापनाशमला गाडी थांबली, तेव्हा मी तिच्या गळ्यातला कॅमेरा हळूच काढला आणि तो फोटो शोधला. निळ्या पडद्यासमोर अप्पा. एक कान उन्हाने लालबुंद झालेला, डोळे मिटायच्या बेतात, खालचे दोन दात नसलेलं तोंड हसण्याने उघडं. फोटो चांगला होता. हे मी तेव्हाही मनाशी कबूल केलं. तरीही नखाने चिकटपट्टी उचकटली, बटण दाबलं आणि पट्टी परत नीट चिकटवून ठेवली. अंगावर आलेला मुंगळा झटकावा, तितक्या सहज मी ते केलं. गाडी सुटली. दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती आणि मी आई म्हणून माझं काम केलं आहे, असं मला वाटत होतं.

त्यानंतर अप्पांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी सईच्या नव्या फोटोंची चौकशी केली आणि शेवटी सहज विचारलं, "कागदावर काढलास काय?" पहिल्यांदा मी म्हटलं, सवड नाही झाली. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. ते हसले. "असूं दे. तेवढे दिवस मी थांबतों." आज हे वाक्य आठवलं, की मला हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

मार्च उजाडला आणि एका सकाळी काकूंचा फोन आला. "वैजू, अप्पा गेले. कापी मागितली, मी आणीपर्यंत गेले." त्या रडत नव्हत्या. मीच रडायला लागले. मग त्या म्हणाल्या, "पोस्टरवाला येऊन बसला आहे. पाप्पाने काढलेला फोटो फोनावर पाठव. दुसरा कुठला घेऊं नका म्हणून त्यांनीं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे."

काकू, पाठवते, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला. सईच्या टेबलावरून कॅमेरा उचलला, घरच्या चपलांतच कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात धावले. तिथला मुलगा पुसलेले फोटो परत काढून देतो, अशी पाटी होती. त्याने कार्ड लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, ह्यावर नंतर खूप फोटो काढलेत. मांजरं, जिना, डबा… खालचं काही राहिलेलं नाही." मी त्याला परत बघायला सांगितलं. त्याने परत बघितलं. मी तिथल्याच खुर्चीवर बसले. एका माणसाने आयुष्यभर लोकांची शेवटची तोंडं नीट केली, त्याने स्वतःसाठी एकच फोटो राखला होता, आणि तो मी पापनाशमच्या स्टेशनावर पुसला होता.

काकूंना मी सांगितलं, कार्ड बिघडलं. त्या म्हणाल्या, "सरी, बरं. असूं दे, बाळे." दुपारी भाच्याने पोस्टरचा फोटो पाठवला. आधार कार्डावरचा होता. डोळे वटारलेले, ओठ मिटलेले, पकडून आणल्यासारखे आमचे अप्पा, दारापेक्षा थोडेसेच लहान.

शाळेतून आल्यावर सईला सांगितलं. ती रडली आणि रडून झाल्यावर तिने विचारलं, "माझा फोटो लावला ना?" काकूंशी खोटं बोलून मी दमले होते. तिला खरं सांगितलं. "का?" तिने विचारलं. मी म्हटलं, मला भीती वाटली. "कशाची? अप्पाआजोबा हसत होते ना."

ती अजून त्याच कॅमेऱ्याने फोटो काढते. तिच्या बाबाचे काढते, वॉचमनचे, दूधवाल्याचे, समोरच्या बाल्कनीतल्या आजींचे. कार्ड भरलं की हट्टाने कागदावर काढून घेते. त्या ढिगात मी कुठेच नाही. मी समोर आले, की ती डोळा काढून कॅमेरा खाली करते, आणि मी निघून गेल्यावर परत वर घेते. रागाने नाही, इतर वेळी गळ्यात पडते, गोष्टी सांगते. परवा माझा वाढदिवस झाला. मी मुद्दाम चांगली साडी नेसले, खिडकीपाशी उन्हात जाऊन बसले आणि म्हटलं, सई, काढ की माझा एक.

तिने कॅमेरा छातीशी धरला आणि म्हणाली, "नको आई. तू पुसून टाकशील."