फहाहीलच्या यादीतला खानसामा

ज्याने सरकारी नकाशाखात्यात चार वर्षं काढली, त्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. कपाटावर रचलेल्या जुन्या गुंडाळ्यांसारखे ते साठतच जातात. एक ओढायला जावं, तर पाच डोक्यावर! आजचे सगळे मात्र एकाच गुंडाळीतले आहेत.

कुवेत नुकताच स्वतंत्र झाला होता आणि पहिलीवहिली निवडणूक ठरली होती. देशाचे दहा मतदारसंघ पाडले गेले. त्यातला दक्षिणेकडचा, फहाहीलच्या बाजूचा, आमच्या टेबलावर आला. आम्ही तिघं होतो. मी दापोलीचा ड्राफ्ट्समन, श्रीवर्धनचे युसुफभाई ट्रेसर आणि आमच्यावर पॅलेस्टिनी इंजिनियर अबू खलील. नकाशा आणि मतदारांची घरवार यादी, दोन्ही आमच्याच गळ्यात. अबू खलीलनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "चूक झाली तर माझी बढती जाईल. तुमचा इकामा जाईल." इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो गेला की मुंबईची बोट. त्या दिवसापासून आम्हा दोघांना जेवण गोड लागेना.

*

मतदारसंघही एकरंगी नव्हता. काही लोक समुद्रावर पोट भरणारे, काही वाळवंटात फिरणारे बदू, आणि मध्ये तेलाच्या पगारावर उठलेली नवी घरं. बदूंच्या तंबूंची मोजणी मी आठवडाभर वाळू खात केली आणि पक्क्या शाईने नकाशावर उतरवली. पडताळणीला गेलो, तर जागेवर फक्त चुलींची राख! पाच मैल पुढे वस्ती सापडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हाताऱ्या मुखियाने नकाशा उलटसुलट करून पाहिला. "गवत इकडे उगवलं," तो म्हणाला. "तुझ्या कागदाला कळवायचं राहून गेलं."

*

नावनोंदणी सुरू झाली तेव्हा निम्मे कोळी होड्यांवर होते. एका नाखव्याने येऊन सरळ विचारलं, की समुद्र कुठल्या मतदारसंघात येतो? अबू खलीलनी नकाशाच्या किनाऱ्यावरून एकदा पेन्सिल फिरवली. मग म्हणाले, "वाऱ्याला विचारून सांगतो."

*

मग एक व्यापारी आला, खजुराचा डबा घेऊन. त्याचं म्हणणं एवढंच, की हद्दीची रेघ एक गल्ली पलीकडे सरकवावी, कारण त्याला मतं देणारे भाचे त्या गल्लीत राहतात. तो फार हळू बोलत होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. अबू खलीलनी तीन वेळा कॉफी ओतली, पण नकाशाची गुंडाळी सोडली नाही. जाताना व्यापाऱ्याने एका बड्या साहेबाचं नाव घेतलं आणि डबा तिथेच राहिला. अबू खलीलनी तो त्याच्या मोटारीत नेऊन ठेवायला लावला.

त्यानंतर युसुफभाई नकाशा क्षणभर सोडेनात. दुपारच्या नमाजालासुद्धा तो मुसल्ल्याच्या चटईखाली अंथरायचे. मी म्हटलं, हे बरं दिसतं का? तर म्हणाले, "अल्लाच्या नजरेखाली ठेवलाय. तुझ्या नजरेखाली ठेवला तर तू चहाला जाशील."

*

खरी चूक मात्र आम्हीच केली. त्या काळी घरांना नंबर नव्हते. आत बायकामाणसं, त्यामुळे पुढच्या दाराने चौकशी करायची सोय नव्हती. आम्ही मागच्या दाराने जायचो, कारण बऱ्याच स्वयंपाकघरांत आपलेच कोकणातले खानसामे. चहा मिळायचा आणि मालकाचं नावही कळायचं. घर पुन्हा सापडावं म्हणून कच्च्या कागदावर मी कोपऱ्यात खानसाम्याचं नाव टिपून ठेवायचो.

पक्की यादी करायच्या वेळी मी तापाने पडलो. युसुफभाईंचं अरबी अक्षर मोत्यासारखं. त्यांनी एकट्याने, रात्री पेंगत यादी उतरवली आणि काही घरांवर मालकाऐवजी कोपऱ्यातलीच नावं चढवली. वर यादीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या बापाचं नाव जोडलं, कारण ते सगळ्यांच्या बापांना ओळखत होते! मी परत आलो तेव्हा सहा नावं सापडली आणि आम्ही ती गुपचूप दुरुस्त केली. सातवं निसटलं.

*

यादी हरकतींसाठी भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी हर्णैचा हसन खानसामा धापा टाकत आला. मतदार म्हणून त्याचं नाव लागलं होतं, बापासकट. मालकाचं नाव कुठेच नव्हतं. "भाई, शेठने वाचलंय," तो म्हणाला. "तवापासून बोलत नाय माझ्याशी. जेवलापन नाय."

परदेशी माणूस मतदारयादीत म्हणजे सरळ फसवणूक. हसन जाणार, आम्ही दोघं जाणार. मी खरोखर घाबरलो होतो. युसुफभाईंनी अबू खलीलसमोर जाऊन सगळं कबूल केलं, माझं नाव न घेता. मग मलाही गप्प राहवेना. कोपऱ्यातली टिपणं माझी, असं मी सांगितलं. अबू खलीलनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मालकाने वर तक्रार केली तर ते आम्हाला वाचवू शकणार नव्हते. तो हरकतीचा अर्ज भरून इथेच दुरुस्ती मागेल, एवढीच आशा.

तासाभरात मालक स्वतः आला. पांढरी दाढी, खांद्यावर झगा, मागे रडवेला हसन. देशाची पहिली निवडणूक आणि त्याचं नाव नाही, त्याच्या खानसाम्याचं आहे! आम्ही उभेच राहिलो. अबू खलीलनी अर्ज पुढे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला, आम्हा प्रत्येकाकडे एकेकदा पाहिलं आणि सही केली. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत तो दारातून परत फिरला. टेबलावर वाकून हलक्या आवाजात म्हणाला:

"घरात कोणाचं चालतं, हे सरकारला कोणी सांगितलं?"