बॉल मिलचं झाकण

"तिसरा लॉटही गेला. साळव्यांना मेमो द्या," आमचे डायरेक्टर म्हणाले. साळवे आमची भट्टी चालवायचे. प्रोबेशनवर होते. मेमो म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. तो त्याच दिवशी त्यांच्या हातात पडला.

आमच्या वाघोलीच्या लॅबमध्ये पॉलिमरपासून सिरॅमिकची पावडर बनते. सिलिकॉन-नायट्रोजनचा पॉलिमर तापवून घट्ट करायचा, बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्या घातलेल्या फिरत्या डब्यात, दळायचा आणि नायट्रोजनमध्ये भाजायचा. त्यात ऑक्सिजन शिरला की पावडरीची आतली रचनाच बदलते. आमच्याकडे तो शिरत होता. भट्टी गळतेय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीसुद्धा. साळवे बिचारे रोज लीक टेस्ट करून दाखवत होते. ऐकतंय कोण!

त्यात मिलच्या खोलीत उग्र वास. मी नाकाला रुमाल लावून काम करायचे. बाथरूमचाच असणार, असं म्हणत ॲडमिनने हाउसकीपिंगच्या मावशींना झापलं. त्या तरातरा माझ्याकडे आल्या.

"मॅडम, बाथरूम मी दोनदा धुतलंय. तुमच्या त्या डब्याचं झाकण उघडलं की वास येतो. नाक आहे ना तुम्हाला?"

मी कपाळावर हात मारला. अमोनिया! हा पॉलिमर हवेतल्या दमटपणाशी रिॲक्ट झाला की अमोनिया सोडतो आणि ऑक्सिजन घेऊन बसतो. जितका बारीक दळाल, तितका जास्त, कारण हवा लागायला तेवढा पृष्ठभाग वाढतो. म्हणून तर डब्यात नायट्रोजन भरून तो बंद करतात. मग उघडत कोण होतं?

डायरेक्टर. दर तासाला!

"अहो, बारीक झालीय का ते बघायला नको? मैद्यासारखी हवी. चिमटीत कळतं मला."

"सर, पार्टिकल साइज मोजायचं मशीन आहे आपल्याकडे."

"मशीनला काय कळतंय?"

वैताग नुसता. मी वाद घातला नाही. एक लॉट झाकण न उघडता दळला आणि साळव्यांनाच त्याच भट्टीत भाजायला दिला. रिपोर्ट स्वच्छ आला.

मेमो मागे घेतला गेला. वर सर्क्युलर निघालं, 'कर्मचाऱ्यांनी मिलचं झाकण उघडू नये.' कर्मचाऱ्यांनी! खाली डायरेक्टरांची सही. तेव्हापासून कुठलाही लॉट बिघडला की मी आधी विचारते, डब्याला हात कोणाकोणाचा लागला. साहेब धरून.

साळव्यांना सॉरी कोणीच म्हटलं नाही. शेवटी मी गेले.

"साळवे, चुकलंच माझं. तो मेमो मीच टाईप केला होता."

"असं का?" ते भट्टीच्या मीटरवरची नजर न काढता म्हणाले. "त्यात साळवी लिहिलंय, मॅडम. मी साळवे."