जोडव्यांचा सिग्नल

ब्रॅकनेलजवळच्या एका शेतातून पूर्वी लंडनला जाणाऱ्या घोडागाड्यांचा रस्ता होता. शेतकऱ्याची परवानगी काढून जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या वस्तू शोधायला मी तिथे नवा कोरा मेटल डिटेक्टर घेऊन गेले, तेव्हा तसंच मशीन घेऊन फिरणारी एक म्हातारी भेटली. तिचं नाव विचारायचं राहिलं. नवखेपणामुळे त्या सकाळी मला स्वतःचं नाव सांगायचीच लाज वाटत होती.

ती खणायची, गंजका खिळा निघाला तरी कौतुकाने खिशात टाकायची आणि गवत परत बसवून तळहाताने थोपटायची, बाळाला निजवावं तसं. माझं मशीन मात्र पावलापावलाला वाजत होतं आणि मी पावलापावलाला खणत होते. ‘एवढं महागाचं खेळणं’ असा टोमणा नवऱ्याने मारला होता, त्यामुळे घोड्याचा एखादा नाल मिळाला तरी मला पुरला असता. निघत होती फक्त माती.

बराच वेळ बघून ती जवळ आली आणि तिने आपलं मशीन माझ्या गुडघ्यापर्यंतच्या रबरी वेलिंग्टन बुटांवर धरलं. उजवा वाजला, मग डावा.

"आत काय आहे, डिअर?"

"जोडवी," मी म्हणाले. "लग्न झालेल्या बायका पायाच्या बोटांत घालतात. चांदीची."

ती जराही हसली नाही. "सापडलेल्या चांदीत अर्धा वाटा शेतकऱ्याचा असतो," ती म्हणाली. "डावा पाय त्याला देऊन टाक."

मग गुडघे टेकून तिने माझे सगळे खड्डे माझ्यासोबत बुजवले.

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, "सापडलं काही?"

"चांदी," मी म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट न काढता घरात शिरले.