खळ्यावरचा फुटपाथ

जुईनगरच्या आमच्या मुख्य रस्त्यावर मोबाइलचं दुकान आलं की आबा चपला काढून हातात घ्यायचे. वीस-बावीस पावलं अनवाणी चालायचे आणि औषधांच्या दुकानाची पायरी लागली की चपला खाली टाकून पुन्हा पायात सरकवायचे. ऊन असो की चिखल, यात कधी खंड पडला नाही. लग्न होऊन मी सांगलीहून त्यांच्या चाळीत भाडेकरू म्हणून आले, तेव्हा मला वाटलं की आत कुठेतरी देवस्थान असणार. नवी सून, उगाच पाप नको, म्हणून मी आठ दिवस जाता-येता त्या दुकानाला हात जोडले. दुकानदारही बिचारा काउंटरमागून हात जोडायचा. नवव्या दिवशी न राहवून त्याने विचारलं, "मॅडम, मोबाइल कौनसा दिखाऊं?"

हे आबांना सांगितलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला. "द्येव नाय गो बाय, आमचं खलं व्हतं तं. खल्यान चपला घालून कोन जातं?" खळं म्हणजे भात झोडायची जागा. जिथे धान्याची रास पडायची तिथे पायताण घालून जायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. नवं शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या, शेतावर रस्ता आला, रस्त्याकडेला दुकानं आली. आबांच्या वाट्याला गावठाणातली जागा उरली. तिथे त्यांनी चाळ बांधली आणि शेतकऱ्याचे घरमालक झाले. खळं मात्र त्यांच्या लेखी होतं तिथेच होतं.

त्यांचं खळं संपलं की पुढे इतरांची शेतं. दुसऱ्याच्या बांधावरून जाताना धन्याला हाळी घालायची, मुकाट्याने जातो तो चोर, असं आबा म्हणत. म्हणून बँकेसमोर आले की हळूच म्हणायचे, "जोमा, जातू रं." फरसाणवाल्यापाशी, "बुध्या, जातू रं." जोमा आणि बुध्या जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी बेलापूरच्या कचेरीत नोकरीला. संध्याकाळी जुईनगरला उतरले की आबा स्टेशनबाहेर पिशवी घेऊन उभे असत. म्हणायला मेथी घ्यायला आलेले, पण मेथी घरी कोणालाच आवडत नव्हती. दहा मिनिटांच्या वाटेला आम्ही पाऊण तास लावायचो. वर्षभरात मलाही सगळी शेतं पाठ झाली. कचेरीतली बाई बँकेचा पत्ता विचारू लागली तर माझ्या तोंडून निघालं, "जोमाच्या शेतात."

आता माझा हट्ट सांगते. नव्या मुंबईत पायी चालायला आमच्या रस्त्यासारखा रस्ता नव्हता. वाशीची माझी मैत्रीण यावरून माझ्याशी भांडायची. तिच्याकडे मॉल होते. आमच्याकडे दोन बायका दोन-दोन पिशव्या घेऊन गप्पा मारत शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद फुटपाथ होता, वर झाडांची सावली होती आणि सुईदोऱ्यापासून सुरमईपर्यंत सगळं एका हाकेवर होतं. आबांना विचारलं तर ते म्हणत, "रस्ता बरा हाय. चालताना मानूस दिसतो." पण जमीन गेल्याचं वाईट वाटतं का, असं विचारलं की लगेच मेथीचा भाव काढायचे. मीही मग तो विषय सोडून दिला.

पुढे फुटपाथला आवळत आणलं सगळ्यांनी मिळून. एकाने पायरी पुढे आणली, दुसऱ्याने कोल्ड्रिंकचा फ्रीज बाहेर मांडला आणि उरलेल्या जागेत स्कूटर लागल्या. आबा वाट काढत चालायचे, नाहीच मिळाली तर खाली रस्त्यावर उतरायचे. मी महापालिकेत रीतसर अर्ज दिला. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने शिक्का मारून पोच दिली. मी स्वतः अर्जांच्या चळतीमागे बसणाऱ्या जमातीतली, त्या कागदाचं पुढे काय होणार हे मला शिक्का वाळायच्या आधीच कळलं होतं. मला काहीच करता आलं नाही. आणि जे करता आलं असतं तेही मी केलं नाही, ते आता सांगते.

मी स्कूटी घेतली. मुलीची शाळा, क्लास, सासूबाईंची औषधं, दिवस पुरेना. एका संध्याकाळी औषधं घ्यायची घाई होती. खाली जागा नव्हती, म्हणून सरळ गाडी फुटपाथवर चढवली. पिशवी घेऊन बाहेर येते तर समोर आबा, चपला हातात. मी गाडी लावली होती ती बरोब्बर खळ्यावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "गारी तुजी व्हय, बाय? मंग र्‍हाऊदे." आणि अनवाणीच खाली रस्त्यावर उतरून, माझ्या गाडीला वळसा घालून पुढे गेले. त्यानंतरही मी दोन-तीनदा तिथे गाडी लावली. घाई होती, दुसरं काय.

पावसाळा संपता संपता आबा पडले. असेच रस्त्यावर उतरले होते, मागून येणाऱ्या रिक्षाचा धक्का बसला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवशी फुटपाथ अडवणारी गाडी माझी नव्हती. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे, त्याने काही होत नाही.

त्यांचा मुलगा प्रकाशदादा भला माणूस. म्हणाला, "ताई, चाळीत जिना हाय, टॉयलेट खाली हाय. करंजाड्याला आपला फ्लॅट हाय, लिफ्ट हाय. बाबांचं टेन्शन नाय र्‍हानार." त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. टेम्पोत कपाट चढलं, खाट चढली आणि आबांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. ते काचेतून समोर बघत होते. मी हात हलवला, पण त्यांनी पाहिला की नाही, कळलं नाही.

सहा महिन्यांनी दादाचा फोन आला. "ताई, हाड जुललंय. डॉक्टर बोलले, आता चाललं नाय तर पाय कायमचे जातील. वॉकर आनला, पाया पडलो. गेटच्या भायेर पाऊल टाकत नाय. तुमचं आयकतील."

मी गेले. आबा गेटच्या आत खुर्चीवर बसलेले, पाय काठीसारखे झालेले. बाहेरचा रस्ता बघून मला रडूच आलं, इतका तो चांगला होता. रुंद, कोरा फुटपाथ, त्यावर एक स्कूटर नाही.

"चला आबा, एक फेरी मारू."

"कोनाच्या शेतानशी?"

मी दादाकडे पाहिलं, दादाने वॉचमनकडे. ही वसाहतही शेतांवरच उठलेली, पण ती शेतं कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आबा समजावल्यासारखं म्हणाले, "धनी ठाव नाय. हाळी कोनाला घालू?"

मग मी खोटं बोलले. म्हटलं, "पाटलांचं शेत होतं, आबा. येताना भेटले मला. म्हणाले, आबांना सांगा, खुशाल चाला."

आबांचा चेहरा उजळला. दोन्ही हातांनी वॉकर धरून ते उठले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. दादाने तोंडावर रुमाल धरला. गेटच्या पट्टीपाशी आबा थांबले, हाळी घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"पाटील खुशाल चाला बोलला?"

"हो."

"हसून?"

"हो, आबा. अगदी हसून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी कीव येत असावी.

"जमीन गेलेला मानूस असं नाय बोलत, बाय," ते म्हणाले. "मी तरी कवा बोललू?"

आणि वॉकर वळवून ते परत खुर्चीकडे गेले.